मी लिहिलेली साधी दुखापत

सिन्नरजवळच्या एका छोट्या सरकारी रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी आहे. राहायला नाशिकला, रोजचं जाणं-येणं एसटीने. ज्या दिवसाबद्दल सांगायचंय त्या दिवशी सकाळपासून माझं बिनसलेलं होतं आणि त्याचं कारण माझ्या मोबाइलमध्ये होतं. आदल्या संध्याकाळी माझ्या मैत्रिणीने गंगापूर रोडवरच्या तिच्या नव्या सीटी स्कॅन सेंटरच्या उद्घाटनाची पत्रिका पाठवली होती. पत्रिकेखाली तिने लिहिलं होतं, ‘नक्की ये गं. तू नसलीस तर मला करमणार नाही.’

बसमध्ये बसल्यापासून मी ती पत्रिका पाच-सहा वेळा उघडली असेल. प्रत्येक वेळी तिचं नाव, नावापुढच्या पदव्या, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘रेडिओलॉजिस्ट’.

आम्ही दोघी मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहात साडेचार वर्षं एका खोलीत राहिलो. परीक्षेच्या आधी ती टेबलावर डोकं टेकायची आणि मी तिला अॅनाटॉमी मोठ्याने वाचून दाखवायचे. कवटीची हाडं, त्यातली छिद्रं, कुठल्या छिद्रातून कुठली नस जाते, हे सगळं तिला माझ्या आवाजात पाठ झालंय असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. वर्गात मी पहिली-दुसरी असायचे, ती कुठेतरी मधे. मग पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा आली. तिला रेडिओलॉजी मिळालं. मला काहीच मिळालं नाही. मी पुन्हा बसले, तेव्हा मला सातवा महिना होता आणि पेपर देताना पाय सुजले होते. पुन्हा नाही मिळालं. त्यानंतर मी सरकारी नोकरी धरली.

ती मात्र मला विसरली नाही. वाढदिवसाला फोन, मुलीच्या बारशाला सगळ्यांच्या आधी हजर, माझे वडील आजारी पडले तेव्हा रात्रंदिवस मदत. तिच्यात बोट ठेवायला जागा सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझा नवरा कधीतरी सहज म्हणायचा, “एवढी मोठी डॉक्टर, पण किती साधी राहते बघ.” मी स्वयंपाकघरात भांडी आवरत राहायचे. ती आधी ज्या सेंटरवर काम करायची तिथलं मशीन एकदा आठवडाभर बंद पडलं होतं. तो आठवडा मी फार खुशीत काढला. मुलीला घेऊन दोनदा बागेत गेले. आपल्याला एवढा आनंद कशाचा झालाय हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी तो होऊ दिला.

त्या दिवशी दुपारची ओपीडी संपत आली असताना हवालदार एका बाईला घेऊन आले. हातात पोलिसांची यादी, म्हणजे जखमीला तपासून दाखला द्या असं पत्र. बाई पस्तिशीची, अंगावर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा निळा कोट, हनुवटीखाली रुमाल दाबलेला. रुमाल लाल झाला होता.

“काय झालं?” मी विचारलं.

हवालदारच बोलायला लागले, “गेटवर भांडण झालं मॅडम. शिफ्ट सुटताना. तिथल्या एका कामगाराने डबा फिरवून मारला.”

“डबा?”

“जेवणाचा. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. पिशवीसकट.”

बाईने मान हलवली. ती वणीकडची होती, नवऱ्याबरोबर इथे खोली करून राहत होती, आणि कारखान्यात चार वर्षं काम करून त्याच आठवड्यात लाइनची सुपरवायझर झाली होती. हे सगळं मला तिने टाके घालताना सांगितलं, तोंड फारसं न उघडता. मारणारा माणूस त्याच लाइनवर वीस वर्षं होता.

“माझ्या हाताखाली काम करायची त्याला लाज वाटली म्हनं,” ती म्हणाली. “मी तर त्याला दादा म्हनते.”

जखम दोन सेंटिमीटर, तीन टाके. आमच्याकडचा एक्स-रे काढला. प्लेट उजेडाच्या पेटीवर लावून मी पाहिली. हनुवटीचं हाड अखंड दिसत होतं. बाकी कानाजवळचा भाग एकावर एक सावल्या पडून धूसर होता. साध्या एक्स-रेत तो भाग नेहमीच तसा दिसतो.

मी कागद पुढे ओढला तेव्हा बाई म्हणाली, “डॉक्टर, दात बसंना झालेत.”

“म्हणजे?”

“वरचे दात खालच्यावर बसत नायत. अन् इथं लय दुखतंय.” तिने डाव्या कानापुढे बोट ठेवलं.

वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कुणालाही हे वाक्य ऐकून थांबावंसं वाटलं पाहिजे. हनुवटीवर मार बसला की जबड्याचं हाड पुष्कळदा मारलेल्या जागी न मोडता वर, कानाजवळच्या सांध्यात मोडतं. साध्या एक्स-रेत ते सुटू शकतं. पण रुग्णाला लगेच कळतं, कारण दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. हे मी माझ्या मैत्रिणीला, ती टेबलावर डोकं ठेवून पडलेली असताना, तीन वेळा वाचून दाखवलं होतं.

अशा वेळी रुग्णाला सीटी स्कॅनसाठी नाशिकला जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असतं. आणि तिथे आठवड्यातून तीन दिवस स्कॅन वाचायला माझी मैत्रीण मानद म्हणून यायची. आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर तिच्या सुंदर, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात उत्तर यायचं. मागे एकदा मी पाठवलेल्या एका रुग्णाच्या चिठ्ठीवर तिने मनगटातलं मला न दिसलेलं बारीक मोडलेलं हाड दाखवून दिलं होतं आणि शेजारी छोटा हसरा चेहरा काढला होता. आमच्या अधीक्षकांनी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली. सगळे हसले, मीही हसले.

पत्रिका माझ्या मोबाइलमध्ये होती. चिठ्ठी लिहायला पेन हातात होतं. मी बाईला म्हटलं, “सूज आहे म्हणून तसं वाटतंय. सूज उतरली की बसतील.”

तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

दुखापतीच्या दाखल्यात रकाने असतात. जखम कुठे, किती मोठी, कशाने झाली असावी, किती जुनी. आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचा रकाना, साधी की गंभीर. त्या एका शब्दावर पोलिसांचं पुढचं सगळं ठरतं. नवा कायदा येऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. कलमांचे नंबर बदलले होते, पण गोष्ट जवळपास तीच होती. डोळा जाणं, कान जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं, किंवा पंधरा दिवस माणसाला रोजचं काम न जमण्याइतकं दुखणं, यातलं काही झालं तर दुखापत गंभीर. नाहीतर साधी.

मी लिहिलं, ‘साधी’. दात बसत नाहीत असं ती म्हणाली, ते लिहिलं नाही.

हवालदारांनी दाखला वाचला आणि बाईकडे वळून सांगितलं, “मग ताई, ही एन.सी. होते. साधी दुखापत म्हणजे अदखलपात्र. कोर्टाच्या हुकमाशिवाय आम्हाला तपास करता येत नाही.”

“म्हंजे त्याला पकडनार नाय?”

“नाही. नोंद राहील.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी दुसऱ्या कागदावर गोळ्या लिहीत होते.

उद्घाटनाला मी गेले. ती दारात उभी होती, अंगावर करड्या रंगाची साधी सुती साडी. मला बघताच तिने सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, “ही माझी खरी गुरू. हिच्यामुळे मी पास झाले.” लोकांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी विचारलं, “आपण कुठे असता?” मी सांगितलं. ते “अच्छा, अच्छा” म्हणाले आणि मशीन बघायला आत गेले. घरी येताना नवऱ्याने रिक्षात विचारलं, “डोकं दुखतंय का?” मी हो म्हटलं.

बाईला तपासल्यानंतर बारा दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला, मी ओपीडीत असताना.

“तुझी एक पेशंट मोठ्या रुग्णालयात माझ्याकडे आली होती. हनुवटीवर मार. स्वतःच आलीये बिचारी, कुणी पाठवलेली नाही. तिच्या लाइनवरच्या बायका घेऊन आल्या.”

मला लगेच कळलं. तरी मी विचारलं, “कोणती?”

“डाव्या बाजूचा सांधा गेलाय गं. हाड मोडून सरकलंय. साध्या प्लेटमध्ये दिसलं नसणार, कुणालाच दिसलं नसतं. मी रिपोर्ट आज लिहितेय, तुला आधी सांगावं म्हणून फोन केला. तू पोलिसांना पुरवणी मत पाठवून दे ना, म्हणजे तुझ्याकडूनच दुरुस्ती झाली असं होईल.”

‘कुणालाच दिसलं नसतं.’ ते तिने मला सांभाळून घ्यायला म्हटलं होतं. मला ते सहन झालं नाही. तिने माझ्यावर ओरडायला हवं होतं, ‘दात बसत नाहीत हे तुला तिने सांगितलं नाही का’ असं विचारायला हवं होतं. आम्हा दोघींचा पाठ असलेला धडा होता तो. पण ती मला विचारत नव्हती, मला पाठीशी घालत होती, जशी मी एकेकाळी तिला वर्गात घालायचे.

“रिपोर्ट येऊ दे,” मी म्हटलं. “मग बघते.”

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हवालदारांबरोबर आला. सोबत पोलिसांचं पत्र होतं, ‘सदर अहवाल पाहून अंतिम मत कळवावे.’ मी तो चार दिवस टेबलाच्या खणात ठेवला. रोज काढून वाचायचे. तिने लिहिलं होतं की मोडलेल्या हाडाच्या कडा धारदार आहेत, भरून येण्याच्या खुणा जेमतेम दिसतात, हे दोनेक आठवड्यांच्या दुखापतीशी जुळतं. एकही शब्द जास्त नाही. मला त्यात चूक शोधायची होती.

पाचव्या दिवशी मी मत लिहिलं. ‘सीटी स्कॅन घटनेनंतर बारा दिवसांनी झालेला आहे. हाड मोडणे हे सदर घटनेतच झाले असे निश्चित सांगता येत नाही.’ सही केली, शिक्का मारला.

वाक्य खोटं नव्हतं. कुठल्याही अधिकाऱ्याला ते बरोबरच वाटलं असतं. म्हणून तर मी ते लिहू शकले.

त्या वाक्याने काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. पोलिसांनी प्रकरण एन.सी.च ठेवलं. मारणारा माणूस पुढच्याच आठवड्यात कामावर परतला, त्याच लाइनवर. मोठ्या रुग्णालयात बाईचे दात तारेने बांधले, पण तोवर उशीर झाला होता. बांधायला हवे होते पहिल्या आठवड्यात. तिला महिनाभर पातळ पेज आणि ताक यावर राहावं लागलं. लाइनवर ओरडून सांगता येत नाही म्हणून मालकाने तिला पॅकिंगला लावलं, आणि सुपरवायझरची जागा तात्पुरती त्या माणसाला दिली.

हे शेवटचं मला तिनेच सांगितलं. दोन-अडीच महिन्यांनी सिन्नर स्टँडवर ती मला भेटली. ती बाकावर बसून चहात भाकरीचा तुकडा भिजवत होती. मला बघून उभी राहिली.

“बसा, बसा,” मी म्हटलं.

“डॉक्टर, तोंड पूर्ण उघडंना झालंय अजून.” तिने करून दाखवलं. जबडा उघडताना डावीकडे सरकत होता. तसं बघताना मला आपलंच तोंड वाकडं होतंय असं वाटलं. “कोर्टात अर्ज केलाय आम्ही. वकीलबाई म्हनाल्या, तपासाचा हुकूम घेऊ. त्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाई चांगल्या हायेत. त्यांनी कागद नीट लिहून दिला.”

तिचं म्हणणं इतकं सरळ होतं की त्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच मला सांगत होती की चांगल्या डॉक्टरबाई आहेत. आणि मला, तिच्या भिजलेल्या भाकरीसमोर उभं असताना, पहिल्यांदा काय वाटलं असेल? पुन्हा ती. इथेही ती.

दंडाधिकाऱ्यांनी तपासाचा हुकूम दिला. गुन्हा दाखल झाला. त्या माणसाला अटक झाली आणि काही दिवसांनी जामीन मिळाला. पोलिसांनी आधी हत्याराने गंभीर दुखापत हे कडक कलम लावलं आणि त्यासोबत हत्याराशिवाय केलेली गंभीर दुखापत हेही. डबा हत्यार होतो का यावर पुढे बराच खल झाला. मला साक्षीचं समन्स आलं ते घटनेनंतर दीड वर्षाने.

तालुक्याच्या कोर्टात मी सकाळी लवकर पोचले. व्हरांड्यात बाकावर एक माणूस बसला होता, पन्नाशीचा, स्वच्छ पांढरा शर्ट, कॉलरची गुंडी लावलेली. मला पाहून तो उठला आणि वाकून नमस्कार केला.

“मॅडम, तुमचे उपकार हायेत माझ्यावर.”

मी विचारलं, “तुम्ही कोण?”

“आरोपी,” तो म्हणाला, जसं कुणी आपल्या गावाचं नाव सांगतं तसं. “वकीलसाहेब म्हनले, तुमच्या कागदावर सगळं हाय. तुमी खरं ते लिव्हलं, कुनाच्या दबावात आला नाय. नायतर मी गेलोच असतो.”

मी जिना चढून जायला वळले, पण तो बोलतच राहिला. बहुधा त्याला दीड वर्षात कुणी ऐकून घेतलं नसावं.

“मी तिला शिकवलं मॅडम. मशीन कसं लावायचं, माल कसा काढायचा, सगळं मी. ती मला दादा म्हनायची. सुपरवायझर झाली त्या दिवशी पेढा घेऊन आली माझ्याकडं पहिलं. म्हनली, दादा, तुमच्यामुळं. असं सगळ्यांसमोर. त्या पेढ्यानंच माझं डोकं फिरलं बघा. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

मला तिथून निघून जायचं होतं आणि मी जिन्यापाशीच ऐकत उभी होते. तो काय सांगतोय ते मला इतकं आतून समजत होतं की त्याचा राग येण्याऐवजी मला त्याची भीती वाटली. माझ्याजवळ त्या दिवशी डबा नव्हता. पेन होतं.

पुकारा झाला. मी पिंजऱ्यात उभी राहिले. शपथ झाली. सरकारी वकिलांनी दाखला दाखवला, सही माझी का, मजकूर बरोबर का, विचारलं. मग अंतिम मत दाखवलं. ते थोडे चिडलेलेच होते माझ्यावर, कारण माझं मत त्यांच्या बाजूला अडचणीचं होतं. नंतर आरोपीचे वकील उठले. त्यांचा आवाज गोड होता.

“डॉक्टर, तुम्ही किती वर्षं सेवेत आहात?”

मी सांगितलं.

“अशा किती जखमींना तपासलं असेल? पुष्कळ?”

“पुष्कळ.”

“एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं नाही, बरोबर?”

“बरोबर.”

“मधल्या बारा दिवसांत ही बाई घरी पडली असेल, बाथरूममध्ये घसरली असेल, तर तसंच हाड मोडू शकतं?”

प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच होतं. सामान्यपणे विचारलं तर कुठलाही डॉक्टर हो म्हणेल. बाई मागच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसली होती. साडीचा पदर तिने जबड्यावर धरला होता, हिवाळा नसताना. आरोपी दुसऱ्या बाजूला माझ्याकडे बघत होता, कृतज्ञपणे.

“मोडू शकतं,” मी म्हटलं. “पण तिचं त्याच दिवशी मोडलेलं होतं.”

वकिलांनी दाखला उचलला. “तसं तुमच्या दाखल्यात नाही.”

“नाही. मी तपासत असताना तिने मला सांगितलं होतं की दात एकमेकांवर बसत नाहीत आणि कानापुढे दुखतंय. हे जबड्याचा सांधा मोडल्याचं लक्षण आहे. ते मी लिहिलं नाही.”

“लिहिलं नाही म्हणजे ती तसं बोललीच नाही.”

“बोलली. मी लिहिलं नाही.”

“आज दीड वर्षाने तुम्हाला आठवलं?”

“मी एक दिवसही विसरले नाही.”

सरकारी वकील कागदातून वर बघायला लागले होते. न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. वयाने माझ्याहून लहान असतील.

“डॉक्टर, तेव्हा का लिहिलं नाही?” त्यांनी विचारलं. “आणि नंतर मत मागितलं तेव्हाही नाही?”

लघुलेखकाची बोटं थांबली होती. कोर्टात शपथेवर पूर्ण सत्य सांगायचं असतं. मी म्हटलं, “माझी चूक झाली. हयगय केली.” त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. खरं कारण तिथे लिहिलं गेलं नाही. ते सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि सांगितलं असतं तरी कुठल्या रकान्यात बसलं असतं कोण जाणे.

मी बाहेर व्हरांड्यात उभी असताना आरोपी येऊन त्याच बाकावर बसला. त्याने मान वर केली नाही.

पुढच्या तारखेला माझ्या मैत्रिणीची साक्ष होती. मी रजा काढून गेले आणि मागच्या बाकावर बसले. का गेले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. ती उत्तम बोलली. हाताचा पंजा वाकवून जबड्याचं हाड कसं असतं ते दाखवलं, सांधा कुठे, मार कुठे बसतो, जोर कुठे जातो. इतकं सोपं की शिपाईसुद्धा ऐकत होता. त्या समजावण्याच्या पद्धतीत मला माझीच वसतिगृहातली पद्धत ओळखू आली. आणि मी तिथे बसून, माझ्याच चुकीने वाकड्या झालेल्या जबड्यावरची साक्ष ऐकत, तिच्यावर जळत होते.

निकाल लागला. डबा हे जीव घेईल असं हत्यार नव्हे, असं न्यायाधीशांनी म्हटलं, म्हणून कडक कलम गेलं. पण दुखापत गंभीरच धरली आणि आरोपीला एक वर्षाची कैद झाली. त्याने अपील केलंय, शिक्षेला तूर्त स्थगिती आहे. कारखान्याने त्याला काढलं. बाईने तिथली नोकरी सोडून दुसऱ्या कारखान्यात धरली. मला विभागाकडून कारणे दाखवा नोटीस आली, उत्तर दिलं, आणि सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. मी त्यावर अपील केलं नाही.

निकालानंतर आठवड्याने मी मैत्रिणीच्या सेंटरवर गेले. दुपारची वेळ, दोन पेशंट बाहेर होते. तिने मला आत बसवलं, चहा मागवला. मी चहा येण्याआधीच सगळं सांगितलं. पत्रिका, चिठ्ठी न लिहिणं, खणात ठेवलेला रिपोर्ट, ते वाक्य. मशीन बंद पडल्यावर झालेला आनंदसुद्धा.

ती हातातलं पेन टेबलावर ठेवून ऐकत होती. मला वाटलं होतं ती उठून माझ्या खांद्यावर हात ठेवेल. मी त्याची तयारी करून आले होते, त्याचाही राग येईल हे धरून.

ती म्हणाली, “तुला माझ्याशी भांडायचं होतं, तर माझ्याशी भांडायचंस ना. मला शिव्या घालायच्यास. त्या बाईचं तोंड का?”

“मला कळत नव्हतं.”

“कळत होतं. तू मला ते वाचून दाखवलंयस. दात बसत नाहीत म्हणजे काय, हे तुला झोपेत विचारलं तरी तू सांगशील.” तिचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. “आणि मी तुला फोन केला होता. तुझी अब्रू राहावी म्हणून. मी मूर्ख.”

चहा आला. तिने शिपायाला परत न्यायला सांगितलं.

“जा तू आता,” ती म्हणाली. “मला पेशंट आहेत.”

मी बाहेर आले. गंगापूर रोडला नेहमीसारखी गर्दी होती, मी घरापर्यंत चालत गेले. तिने माझ्यावर राग काढला, पहिल्यांदाच, आणि त्याने मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मला लगेच आवडेनासंही झालं, कारण ते माझ्याच सोयीचं होतं. त्या बाईला त्याचा काय उपयोग?

बाईकडेही मी गेले होते. सिन्नरला तिच्या खोलीवर, एका रविवारी. तिच्यासमोर मी सगळं सांगू शकले नाही. मी एवढंच म्हटलं की त्या दिवशी मी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं, माझं मन ठिकाणावर नव्हतं. ती भाजी निवडत होती. एक जुडी संपवून म्हणाली, “नाशिकच्या डॉक्टरबाई म्हनतात आपरेशन करून सरळ होईल थोडं. पुढच्या महिन्यात करनार हाय. तुमी तेव्हा याल का? आमचं कुनी डॉक्टर ओळखीचं नाय तिथं.”

मी येईन म्हटलं, आणि गेले. ऑपरेशनच्या दिवशी मोठ्या रुग्णालयात तिच्या नवऱ्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसले. दुपारी तपासणीची फिल्म घेऊन माझी मैत्रीण कॉरिडॉरमधून गेली. तिने मला पाहिलं, थांबली, बाईच्या नवऱ्याला सांगितलं की सगळं ठीक झालंय, जबडा पुष्कळ सरळ आलाय. माझ्याशी ती बोलली नाही. तिच्या अंगावरचा पांढरा कोट, हातातली फिल्म, बाईच्या नवऱ्याचे तिला जोडलेले हात, हे सगळं बघताना मला पुन्हा तिचा हेवा वाटला. मी तो वाटू दिला आणि बाईला शुद्ध येईपर्यंत बाकावर बसून राहिले.